१९०१ चा सभात्याग आणि जमिनीची ‘नवी शर्त’

विधिमंडळातील सभात्याग ही आता इतकी नित्याची बाब झाली आहे की, वर्तमानपत्रात तिची बातमी दिसली तर चहाचा पेला खाली ठेवून ती कोणी वाचीत नाही. विरोधी बाजूचे सभासद घोषणा देतात, उठतात, बाहेर पायऱ्यांवर उभे राहून छायाचित्रे काढवितात व थोड्या वेळाने परत येऊन आपापल्या जागी बसतात. यात कोणाचे काही जात नाही व कोणास काही मिळतही नाही. म्हणूनच १९०१ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्यास भरलेल्या मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलातून पाच गृहस्थ मुकाट्याने उठून बाहेर गेले, ही गोष्ट त्या काळी केवढी धक्कादायक वाटली असेल, याची कल्पना आज सहजासहजी येत नाही. हे पाच गृहस्थ म्हणजे फिरोजशहा मेहता, सर भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, गोकुळदास कहानदास पारेख, दाजी आबाजी खरे आणि गोपाळ कृष्ण गोखले. यांपैकी कोणीही दंगेखोर म्हणून प्रसिद्ध नव्हता. उलट सरकारदरबारी ज्यांच्या शब्दास मान होता, असेच हे लोक होते.

गोखले व मेहता यांच्या चरित्रांत या प्रसंगास जागा मिळालेली आहे, व ती योग्यच आहे. परंतु ज्या कायद्यापायी हे पाच जण उठले, त्या कायद्याचे पुढे काय झाले, हे चरित्रकार सहसा सांगत नाहीत. नायक दालनाबाहेर पडला की त्यांची दृष्टीही त्याच्यामागोमाग बाहेर जाते. आत राहिलेले बिल मंजूर झाले, त्याचा कायदा झाला, आणि तो इंग्रजी राज्य गेल्यावरही मागे उरला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे राहणाऱ्या ज्या कुटुंबांनी आपल्या इमारतीच्या जमिनीचे कागद कधी काळजीपूर्वक पाहिले असतील, त्यांनी त्याची खूण पाहिलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे. म्हणून त्या दिवसाची हकीकत प्रथम सांगून मग त्या कायद्याच्या मागे जावे, असा विचार आहे.

त्या काळच्या कौन्सिलाचे स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे. नाहीतर ‘चर्चा’ आणि ‘मतदान’ या शब्दांनी आपली फसगत होईल. १८६१ च्या कायद्याने इलाख्याच्या गव्हर्नराने कायदे करण्यापुरते काही जादा सभासद आपल्या कौन्सिलात घ्यावे असे ठरले, व १८९२ च्या कायद्याने या जादा सभासदांची कमाल संख्या मुंबईपुरती वीस झाली. त्यांतील काही जागांसाठी मुंबईची म्युनिसिपालिटी, विद्यापीठ, लोकल बोर्डे अशा संस्थांनी नावे सुचवावयाची व सरकारने ती नेमावयाची, अशी तोडजोड होती. ‘निवडणूक’ हा शब्द कायद्यात घालण्याचे विलायतेतील मुत्सद्द्यांनी चतुराईने टाळले होते. अंदाजपत्रकावर बोलावे, पण मत देऊ नये. प्रश्न विचारावा, पण त्यावर उपप्रश्न विचारू नये, असा एकंदर प्रकार होता. अध्यक्षस्थानी स्वतः गव्हर्नर असे, आणि सरकारी पक्षाचे बहुमत पहिल्यापासूनच बांधून ठेवलेले असे. अशा सभेत बिनसरकारी सभासद बोलत ते समोरच्या सभासदांचे मन वळविण्यासाठी नव्हे. वर्तमानपत्रे वाचणारे शहरवासी, लंडनमधले काही सहृदय पार्लमेंट सभासद आणि पुढची पिढी, असा त्यांचा श्रोतृवर्ग असे.

आता बिलाचा विषय. तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पेशवाई गेल्यानंतर दक्षिणेत इंग्रजांनी जी रयतवारी बसविली, तिला खरा आकार गोल्डस्मिड व विंगेट यांच्या इंदापूर तालुक्यातील पाहणीपासून, म्हणजे १८३५ च्या सुमारापासून आला. शेत मोजावे, त्याची प्रत ठरवावी, तीस वर्षांपुरता सारा बांधून द्यावा, आणि तो सारा जोवर रयत भरते तोवर जमीन तिच्याकडे राहावी, असे हे धोरण होते. रयतेने ती जमीन वारसांस द्यावी, गहाण टाकावी वा विकावी. सरकारने मध्ये पडू नये. जमिनीची अशी मोकळी विक्री करण्याचा हक्क मिळाला म्हणजे रयतेची पत वाढेल, पत वाढली म्हणजे भांडवल येईल, भांडवल आले म्हणजे शेती सुधारेल, असे त्या वेळच्या अर्थशास्त्राचे गणित होते. पत वाढली खरी. परंतु भांडवलाऐवजी आला तो सावकार, व त्याच्या मागोमाग दिवाणी कोर्टाचा बेलिफ. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांची घरे व दुकाने लुटून कर्जरोख्यांच्या होळ्या केल्या, तेव्हा सरकारास जाग आली. चौकशी झाली, आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्याच वर्षी मुंबईचा जमीनमहसुलाचा कायदा, ज्याला लोक ‘लँड रेव्हिन्यू कोड’ म्हणत, तोही झाला. १९०१ चे बिल हे या महसूल कायद्याची दुरुस्ती करणारे होते.

मध्यंतरी १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच्या जोडीला प्लेग, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ, अशी आपत्तीवर आपत्ती आली. सर अँटनी मॅकडॉनेल यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ कमिशनने १९०१ साली आपला अहवाल दिला. त्यात मुंबई इलाख्यातील निदान चौथा हिस्सा शेतकरी आपल्या जमिनीच्या ताब्यास मुकले आहेत, आणि कर्जातून मोकळे असलेले शेतकरी पाचव्या हिश्शाहूनही कमी आहेत, असा निर्वाळा दिला. पंजाबात सरकारने १९०० सालीच कायदा करून शेती न करणाऱ्या जातींच्या हाती जमीन जाऊ नये असा बंदोबस्त केला होता. मुंबई सरकारने निराळी वाट काढली, आणि ही वाट फार धूर्त होती असे म्हणणे भाग आहे.

सारा थकला तर जमीन सरकारजमा करण्याचा अधिकार सरकारास पहिल्यापासूनच होता. दोन दुष्काळांनंतर थकबाकी डोंगराएवढी झालेली. तेव्हा सरकारचा विचार असा की, थकलेली जमीन सरकारजमा करावी; एकदा ती सरकारजमा झाली म्हणजे तिच्यावरचे सावकाराचे गहाण, खरेदीखत, सर्व बोजे आपोआप गळून पडतात; मग तीच जमीन त्याच शेतकऱ्यास परत द्यावी, मात्र या अटीवर की, कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्याने ती विकू वा गहाण टाकू नये. अशी अट घालून जमीन देता यावी, म्हणून महसूल कायद्याचे ६८ वे कलम बदलावयाचे होते. ज्याने जमीन कसली त्याच्याकडेच ती राहील आणि सावकाराचा फास सुटेल, असे सरकारचे म्हणणे. हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. पण हेतू चांगला असलेल्या मनुष्याच्या हातात जेव्हा जप्तीचा अधिकार असतो, तेव्हा ज्याची जमीन जप्त व्हावयाची त्याने त्या हेतूवर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच.

उन्हाळ्यात महाबळेश्वराच्या थंड हवेत हे बिल मांडले गेले आणि ऑगस्टात पुण्यास चर्चेस आले. मधल्या अवघ्या काही आठवड्यांत सबंध इलाख्यातील रयतेच्या हक्कास हात घालणाऱ्या मसुद्याचा विचार व्हावयाचा होता. ज्या वर्षी खेड्यापाड्यांत लोक अजून दुष्काळाच्या कामांवरून घरी परतत होते, त्या वर्षी ही घाई! ठिकठिकाणी सभा झाल्या, अर्ज गेले. बिनसरकारी वर्तमानपत्रांचे यावर क्वचितच दुमत झाले. ज्यांच्या कल्याणासाठी हे बिल आणले म्हणून सांगितले जात होते, त्यांच्यातूनही विरोधच ऐकू येत होता. त्यावर सरकारचे उत्तर तयारच होते: ही ओरड सावकारांची व त्यांच्या वकिलांची आहे, मुक्या रयतेस बोलता येत नाही, तिचे हित आमचे जिल्हाधिकारी जाणतात. हा युक्तिवाद ऐकला की मला नेहमी गंमत वाटते. रयत गप्प असली तर ती संतुष्ट आहे, आणि बोलू लागली तर तिला कोणी तरी शिकविले आहे. मग तिने करावे तरी काय?

अशा परिस्थितीत लॉर्ड नॉर्थकोट यांच्या अध्यक्षतेखाली बैठक भरली. बिलाची बाजू महसूल खात्याचे सभासद माँटीथ यांनी मांडली. इलाख्यातील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचा इतिहास व सरकारच्या अडचणी त्यांनी विस्ताराने सांगितल्या. त्यांच्यानंतर मेहतांनी अशी उपसूचना आणली की, बिल आताच पुढे न रेटता ते अधिकारी, संस्था व लोक यांच्या अभिप्रायासाठी पाठवावे व तोवर थांबावे. उपसूचना बिल फेटाळा असे म्हणत नव्हती. थांबा आणि विचारा, एवढेच तिचे मागणे होते. फिरोजशहा हे वादविवादातील सिंह. रयत उधळी आहे म्हणून कर्जबाजारी झाली, या सरकारी सिद्धांतावर त्यांनी हल्ला चढविला. पाऊस पडो वा न पडो, ठरल्या हप्त्यास ठरला सारा घेण्याचा ताठरपणा हेच रयतेला सावकाराच्या दारी नेणारे कारण नव्हे काय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

गोखल्यांचे भाषण वेगळ्या घडणीचे आहे. त्या वेळी त्यांचे वय पस्तीस वर्षांचे होते आणि फर्ग्युसन कॉलेजातील प्राध्यापकी अद्याप सुटली नव्हती. त्यांच्या भाषणात गर्जना नाही. आकडे आहेत, कारणे आहेत, आणि मधून मधून फार संयमाने व्यक्त झालेली व्यथा आहे. सरकारने साठ-पासष्ट वर्षे रयतेस सांगितले की जमीन तुझी आहे, ती तू विकू शकतोस. आता तो दुष्काळाने मोडून पडला असता, त्याच्या थकबाकीचे निमित्त करून तो हक्क काढून घेणे हे कोणत्या न्यायात बसते, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा व्यवहाराचा. सावकार दुष्ट असेल, पण बी-बियाण्यास, बैलास व पेरणीस पैसा देणारा खेड्यात दुसरा कोण आहे? जमीन तारण राहिली नाही तर तो हात आखडता घेईल. त्याच्या जागी सरकार काय उभे करणार? तगाईच्या रकमा तर अगदीच तोकड्या. आणि तिसरा मुद्दा असा की, सरकारास खरोखरीच रयतेस सोडवावयाचे असेल तर एक लहानसा मुलूख निवडावा, तेथील शेतकऱ्यांची कर्जे हिशेबाने फेडावी, त्यांस स्वस्त पैसा पुरविणाऱ्या शेतकी पेढ्या काढाव्या, आणि मग त्या जमिनी विकण्यावर खुशाल बंदी घालावी. तसा प्रयोग केलात तर आमचा विरोध नाही.

हा तिसरा मुद्दा नीट वाचला पाहिजे, कारण गोखले जमिनीच्या मोकळ्या विक्रीचे आंधळे पुरस्कर्ते नव्हते हे त्यावरून दिसते. विक्रीवर बंधन असावे की नसावे, यावर ते वाद घालीत नव्हते. बंधनाच्या मोबदल्यात रयतेच्या पदरात काय पडणार, हे ते विचारीत होते. या कल्पनेस वंशपरंपराही होती. १८८० नंतरच्या दशकात सर विल्यम वेडरबर्न यांनी, न्यायमूर्ती रानडे यांच्या पाठिंब्याने, पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना पुढे आणली होती. हिंदुस्थान सरकार अनुकूल झाले, परंतु लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या कचेरीत ती अडली. म्हणजे पुण्याच्या पुढाऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी जे औषध सुचविले होते ते बाटलीतच राहिले, आणि आता सरकार रोग्यावर शस्त्रक्रिया करावयास निघाले होते.

भाषणे झाली. मते मोजली. मेहतांच्या उपसूचनेच्या बाजूने नऊ, विरुद्ध चौदा.

या आकड्यात अनपेक्षित असे काही नव्हते. आदल्या दिवशी कोणीही कागदावर मांडून दाखविला असता. पण नऊ हा आकडा बारकाईने पाहिला तर त्यात कौन्सिलातील बिनसरकारी मताचे सर्व वजन एका बाजूस पडल्याचे दिसते. पारशी, गुजराती, मराठी, मुंबईकर व मुफस्सलचे असा भेद तेथे उरला नाही. सरकारने त्या नऊंपैकी एखादे मत जरी युक्तिवादाने जिंकले असते तरी त्यास काही सांगता आले असते. ते झाले नाही. मग मेहता उठले, आणि यापुढील कामकाजात आपण भाग घेणार नाही असे दर्शवून बाहेर पडले. भाटवडेकर, पारेख, खरे त्यांच्याबरोबर गेले. गोखल्यांनी जाण्यापूर्वी थोडा खुलासा केला. आपण नाखुशीने हे पाऊल उचलीत आहो. गव्हर्नरसाहेब वा त्यांचे सहकारी यांचा अनादर करण्याचा हेतू नाही. परंतु ज्या कायद्याचे परिणाम अनर्थकारक होतील असे आपणास वाटते, त्याच्याशी आपले नाव दूरान्वयानेही जोडले जाऊ नये, एवढ्याच कर्तव्यबुद्धीने आपण जात आहो, असा त्या बोलण्याचा आशय होता. असे बोलून तेही गेले.

हा खुलासा कोणास गुळमुळीत वाटेल. मला तो तसा वाटत नाही, आणि त्याचे कारण गोखल्यांच्या आयुष्यातील चार वर्षांपूर्वीच्या प्रसंगात आहे. १८९७ साली विलायतेत असताना पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्ताच्या वेळी गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांविषयी त्यांनी जे आरोप प्रसिद्ध केले, त्यांस परत आल्यावर पुरावा देता येईना; तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्या माफीने पुण्यात त्यांची नाचक्की झाली. भित्रा, सरकारधार्जिणा, असे काय काय त्यांस म्हटले गेले. अशा मनुष्याने सरकारच्या तोंडावर उठून जाणे ही त्यांच्या स्वभावाची उसळी नव्हती. शब्दाशब्दांचा हिशेब ठेवणारा माणूस हिशेब पुरा करून उठला होता. शिवाय त्या वर्षी जानेवारीत न्यायमूर्ती रानडे निवर्तले होते. चौदा वर्षे ज्यांच्या पायाशी बसून त्यांनी प्रत्येक कागद तपासून घेतला, तो गुरू आता सल्ला देण्यास नव्हता. फिरोजशहांचा आधार होता हे खरे, पण फिरोजशहांसारखी प्रकृती गोखल्यांची नव्हती; ते काम त्यांस जड गेले असणार.

येथे त्या उरलेल्या चौघांची आठवण होते. नऊंनी उपसूचनेस मत दिले, पाच उठले. म्हणजे चार जण बसून राहिले. त्यांची नावे कोणी पाठ करीत नाही. बिल मंजूर होणार हे त्यांनाही दिसत होते, आणि तरीही कदाचित एखाद्या कलमातील एखादा शब्द तरी सौम्य करता येईल, अशा आशेने ते राहिले असतील. किंवा नुसताच त्यांना धीर झाला नसेल. कौन्सिलात राहून थोडेसे मिळवावे की बाहेर पडून काहीच न मिळविता मान राखावा, हा पेच पुढे १९२० नंतर असहकारितेच्या व कौन्सिलप्रवेशाच्या वादात सबंध देशास पडला. त्याचे उत्तर एकच आहे असे ज्यांना वाटते त्यांचा मला हेवा वाटतो.

अँग्लो-इंडियन पत्रांनी पाचांवर आग पाखडली. सभ्य माणसाने हरल्यावर खेळ टाकून जाऊ नये, असा त्या टीकेचा साधारण सूर होता. खेळाची उपमा इंग्रजी मनास फार प्रिय. परंतु ज्या खेळात एका बाजूचे गडी दुसऱ्या बाजूच्या कप्तानाने ठरवावयाचे, त्यात हरणाऱ्याने काय शिकावे? त्याच १९०१ सालच्या मे महिन्यात मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाचे पहिले संयुक्त पार्लमेंट मोठ्या थाटाने उघडले होते. साम्राज्य एकच, वर्ष एकच. आणि गमतीची गोष्ट अशी की, आपले हेच लॉर्ड नॉर्थकोट १९०४ च्या जानेवारीत गव्हर्नर-जनरल होऊन तेथे गेले. त्या एका वर्षात त्यांच्यासमोर डीकिन यांचे मंत्रिमंडळ सभागृहातील मतदानाने पडले, त्यानंतर आलेले वॉटसन यांचे मजूरपक्षीय मंत्रिमंडळही चार महिन्यांत तसेच पडले, आणि रीड मुख्य प्रधान झाले. पुण्यात ज्यांच्या समोर नऊ मतांनी बिलातील एक स्वल्पविरामही हलला नव्हता, त्यांनाच आता थोड्याशा मतांच्या फरकाने राज्यकर्ते बदलताना पाहावे लागले. त्या वेळी त्यांस पुण्याची आठवण झाली की नाही, कोण जाणे.

पाच जण गेल्यावर बिल मंजूर झाले व १९०१ चा मुंबईचा ६ वा कायदा म्हणून कायद्याच्या पुस्तकात बसले. मेहतांनी प्रकृतीच्या कारणास्तव सोडलेली वरिष्ठ कायदे कौन्सिलातील जागा वर्षअखेरीस गोखल्यांस मिळाली, व मार्च १९०२ मधील अंदाजपत्रकावरील भाषणाने ते सर्व हिंदुस्थानास ठाऊक झाले. १९०४ साली हिंदुस्थान सरकारने सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला; गोखले पुण्यात ज्याची मागणी करीत होते त्याचा निदान एक तुकडा तरी अशा रीतीने पुढे आला.

आता त्या कायद्याकडे वळू. विरोधकांस भीती होती की, सबंध इलाख्यातील जमिनी हळूहळू सरकारजमा होऊन रयत सरकारचे कूळ बनेल. इतके काही झाले नाही. ज्या जमिनी पूर्वीपासून रयतेकडे होत्या त्या बहुतांशी जुन्याच हक्काने चालू राहिल्या. परंतु नव्याने द्यावयाच्या सरकारी जमिनी, आणि सरकारजमा होऊन परत द्यावयाच्या जमिनी, यांस मात्र कलेक्टरच्या परवानगीची अट लागू झाली. लोकांच्या व कचेरीच्या भाषेत पहिल्या प्रकारास ‘जुनी शर्त’ व दुसऱ्यास ‘नवी शर्त’ अशी नावे पडली. पुढे ‘नवीन व अविभाज्य शर्त’ हा शब्दप्रयोग तलाठ्याच्या दप्तरात कायमचा रुजला. ज्या खेडुतास गोखले कोण हे ठाऊक नाही, त्यासही आपली जमीन ‘नव्या शर्तीची’ आहे की ‘जुन्या शर्तीची’, हे पक्के ठाऊक असते. कारण विकावयास गेला म्हणजे भाव त्यावर ठरतो.

आणि आता जी गोष्ट मला सर्वांत विचार करावयास लावते ती. १९०१ साली लोकपक्षाने ज्या तत्त्वास अनर्थकारक म्हटले, तेच तत्त्व स्वराज्य आल्यावर लोकपक्षाच्याच सरकारांनी आपखुशीने उचलले. १९४८ च्या कूळकायद्याने कुळांस जमिनी मिळाल्या, पण ४३ व्या कलमाने त्या कलेक्टरच्या मंजुरीवाचून विकता येईनात. १९५८ च्या कायद्याने महार वतने व इतर कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द होऊन त्या जमिनी पूर्वीच्या वतनदारांस परत दिल्या, त्याही हस्तांतरावर बंधन घालूनच. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा झाला तेव्हा आदिवासींच्या जमिनी इतरांकडे जाऊ नयेत म्हणून त्यात निर्बंध आले, आणि सर्व जमीनधारकांचे वर्ग पाडताना ज्यास जमीन हस्तांतरित करण्याचा पूर्ण अधिकार आहे तो भोगवटादार वर्ग १, व ज्यास तो नाही तो वर्ग २, अशी विभागणी झाली. १९०१ ची नवी शर्त वर्ग २ या नव्या नावाने त्यात येऊन बसली.

मग चौदांचे बरोबर होते व नऊंचे चुकले, असे म्हणावयाचे काय? मी तसे म्हणणार नाही. पण नऊंचे सर्व बरोबर होते असेही म्हणता येत नाही, आणि चरित्रकारांनी ही गोष्ट टाळली आहे. दारिद्र्याने गांजलेल्या मनुष्याच्या हातातील जमीन विकण्याचे स्वातंत्र्य हे पुष्कळदा ती गमावण्याचेच स्वातंत्र्य असते. हे सुप्याच्या कुणब्यांनी होळ्या पेटवून सांगितले होते, आणि आपल्या डहाणू-पालघरच्या वारल्यांचा इतिहास तेच सांगतो. सभागृहातून उठलेले पाचही जण वकील, डॉक्टर, प्राध्यापक या वर्गातले होते. नांगर धरणारा एकही मनुष्य त्या दालनात, ना चौदांत ना नऊंत, नव्हता. दोन्ही बाजू रयतेच्या नावाने बोलत होत्या. फरक इतकाच की, एक बाजू रयतेस विचारावे असे म्हणत होती व दुसरी विचारण्याची जरुरी नाही असे म्हणत होती. आणि मला वाटते, सभात्यागाचे समर्थन करावयाचे तर एवढ्या एका फरकावरच करता येईल. कूळकायदा हा निवडून आलेल्या सभेने केला, त्याच्या मागे जमीन मागणाऱ्या कुळांचे संघटित बळ होते, आणि बंधनाच्या मोबदल्यात जमीन पदरात पडत होती. १९०१ च्या कायद्यात बंधन होते. मोबदल्याच्या जागी, आपलीच जप्त झालेली जमीन परत मिळण्याचे आश्वासन होते. कलमाचे शब्द सारखे दिसले म्हणून व्यवहार सारखा होत नाही.

तथापि ज्याचे भाकीत गोखल्यांनी केले ते एक दुखणे मात्र स्वराज्यातही गेले नाही. परवानगी देणारा अधिकारी आला की परवानगीची किंमत आली. वर्ग २ च्या जमिनीस बँक कर्ज देताना कचरते, विकावयाची तर सरकारास नजराणा भरावा लागतो, नजराण्याचे दर ठरावाठरावाने बदलतात, आणि गरजू मनुष्य शेवटी कागदावर न दिसणारा व्यवहार करून मोकळा होतो. वतनाच्या जमिनी कवडीमोलाने कशा हातोहात गेल्या, हे पुणे-ठाणे भागातील कोणत्याही जुन्या कारकुनास विचारावे. ज्याचे रक्षण करावयाचे, त्याच्याच जमिनीचा भाव बंधनाने उतरला. आणि बंधन कसे सोडवावे हे ज्यास माहीत, त्याने ती उतरल्या भावाने घेतली.

आमच्या उपनगरांत ही गोष्ट निराळ्या वेषात भेटते. १९०१ साली अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातील भातशेतीची गावे होती. उपनगर जिल्हा व्हावयास १९२० साल उजाडले, आणि मुलुंड-दहिसरपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत यावयास १९५७. शेते गेली, त्यांवर चाळी व पुढे सहकारी गृहनिर्माण संस्था आल्या, आणि त्यांतील कित्येक संस्थांस सरकारने आपल्या मालकीची जमीन दिली ती हस्तांतराच्या अटींसह, म्हणजे वर्ग २ म्हणून. अशा इमारतीतील सदनिका विकावयाची झाली, किंवा मोडकळीस आलेली इमारत पाडून नवी बांधावयाची झाली, म्हणजे सभासदांस कलेक्टरच्या कचेरीची पायरी चढावी लागते. दुष्काळातील कुणब्यासाठी आखलेली तरतूद निवृत्त शिक्षकांच्या व बँक कारकुनांच्या वाट्यास यावी, हे कोणत्याही सभासदाच्या, चौदांतील वा नऊंतील, स्वप्नातही आले नसेल. २०१९ साली महाराष्ट्र सरकारने अशा जमिनी ठरावीक रक्कम भरून वर्ग २ मधून वर्ग १ मध्ये आणण्याचे नियम केले. त्यानुसार ज्या संस्थांनी पैसे भरले त्यांच्या उताऱ्यावरचा २ चा आकडा जाऊन १ चा आकडा येतो. ज्यांना एवढी रक्कम गोळा करणे जमलेले नाही, त्यांच्या सर्वसाधारण सभेत हा विषय वर्षानुवर्षे कार्यक्रमपत्रिकेवर असतो, त्यावर वाद होतो, हात वर करून मते मोजली जातात, आणि निर्णय पुढील सभेवर ढकलला जातो.